मांजरीचा डावा हात

४ नोव्हेंबर

आजपासून तालीम सुरू. गोष्ट अगदी सोपी आहे. राजाला झोप येत नाही. वैद्य येतो, गवई येतो, गोष्टी सांगणारी म्हातारी येते, राजा आपला टक्क जागा. आणि सिंहासनाच्या पायरीवर त्याची मांजर पहिल्या अंकापासून घोरत पडलेली. शेवटी राजा समोर बसलेल्या मुलांनाच विचारतो, तुमच्यापैकी कुणाला झोप येत नाही, हात वर करा. आजवर मी दुसऱ्यांनी लिहिलेली नाटकं बसवली. पडलं तर खापर लेखकावर फोडता यायचं. हे माझंच लिहिलेलं आहे, त्यामुळे ती सोय गेली.

राजाचं काम राजेसाहेब करतात. इतकी वर्षं मुकुट घालतायत की त्यांचं खरं नाव मंडळीत कुणाला आठवत नाही. नेपथ्य नवऱ्याचं. त्याला सगळे सुतार म्हणतात, आता मीही म्हणते. आणि मांजर म्हणजे आमची भिंगरी. आठ वर्षांची आहे. घरचीच म्हणून घेतली असं कुणी म्हणायला नको, तेव्हा इतरांपेक्षा तुला जास्त रागावणार, असं तिला आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "घरी पण तसंच असतं."

नेहमीप्रमाणे शेवटच्या खुर्चीवर मोबाईल स्टँडला लावला आहे. रोजची तालीम त्यात पूर्ण घ्यायची, सकाळी चहा पिताना बघायची आणि संध्याकाळी प्रत्येकाला त्याच्या चुका सांगायच्या. राजेसाहेब याला 'बाईंचं शवविच्छेदन' म्हणतात.

९ नोव्हेंबर

आज भिंगरीने कमाल केली. गवयाचा प्रवेश चालू होता. ही पायरीवर अंगाचं मुटकुळं करून पडलेली. एकदम मान डावीकडे वळवली, डावा हात ताठ वर, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि पाय सायकल मारल्यासारखे सुटले. घशातून एक ओरडणं, मागोमाग खुदकन हसू. की झालं. उठून बसली आणि इकडेतिकडे बघायला लागली. हॉलमध्ये हशा पिकला. गवई गाणं विसरला.

मांजराला स्वप्न पडलं, उंदीर निसटला! मला हे कसं सुचलं नाही? मी ओरडून सांगितलं, हे ठेवायचं. राजेसाहेब म्हणाले, "बाई, खाण तशी माती." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१० नोव्हेंबर

सकाळी व्हिडिओ पुन्हा पाहिला. जागा अचूक. हात मात्र जरा जास्तच ताठ आहे, आणि हसू कशाचं ते कळत नाही. संध्याकाळी तिला तसं सांगितलं आणि म्हटलं, कर बघू पुन्हा.

तिला काही जमेना. हात वर केला तो शाळेत करतात तसा. पाय दोनदा झाडले. हसली ती उगाच.

"काल केलंस तसं कर."

"काल मी काय केलं?"

"भिंगरे, वेळ नाही माझ्याकडे."

"मला नाही येत ते," ती म्हणाली. काल येत होतं ते आज येत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. एकदा हशा मिळाला की नटांना हे होतंच. पण आठव्या वर्षी एवढ्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

परवा आणि आज, दोन्ही दिवस तेच. मी सांगते तेव्हा नाही, आणि राजेसाहेबांचं सगळ्यात हळवं भाषण चालू असताना मात्र हात वर, ओरडणं, सायकल. आज तर लागोपाठ दोनदा. आता कुणी हसलं नाही. मी तालीम थांबवून सगळ्यांसमोर विचारलं, हे मुद्दाम करतेस ना?  ती म्हणाली, "मी झोपले होते."

मांजराने झोपायचं सोंग करायचं असतं, खरंच झोपायचं नसतं, हे मी तिला समजावलं. अलीकडे तिचा कुठेही डोळा लागतो. काल पाटी पुसता पुसता पेंगत होती.

सुतार म्हणाला, "पहाटे पहाटे पण करते ती असं. पलंगावरून पडली काल."

"मग उठवलंस का नाही मला?"

"उठवेपर्यंत संपलेलं असतं. वर मलाच विचारते, बाबा, काय झालं."

वाईट स्वप्नं पडत असतील. गोष्टी सांगणारी म्हातारी जरा भीतिदायक झाली आहे, तिचा आवाज खाली आणायला हवा.

२४ नोव्हेंबर

शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून पडते आणि मध्येच किंचाळते; मुलं हसतात; विचारलं तर 'माहीत नाही' म्हणते. "घरी नाटकाचं वातावरण आहे ना," असंही म्हणाल्या. मी हसून घेतलं. आतून जळत होते. लेकीचे रंग बघा म्हणून माझंच हसं.

३ डिसेंबर

सुतार हटूनच बसला म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस आहे. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढून आणायला सांगितला. तेवढा वेळ भिंगरी शहाण्यासारखी पडून होती. आलेख अगदी स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, बेशुद्ध पडत नाही, तोंडाला फेस नाही, संपलं की लगेच बोलते, म्हणजे फिट वाटत नाही. काही मुलं लक्ष वेधून घ्यायला असं करतात. रागावू नका, कौतुकही नको. दुर्लक्ष करा, आपोआप जाईल.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर सुतार म्हणाला, "पण झोपेत कुणाचं लक्ष वेधायचं असतं?"

मी म्हटलं, तू खिळे ठोक. नंतर वाईट वाटलं, पण तोवर तो स्कूटर काढायला गेला होता.

४ डिसेंबर

सगळ्या मंडळींना सांगितलं, भिंगरीने काहीही केलं तरी बघायचं नाही, थांबायचं नाही, प्रवेश चालू ठेवायचा. ती तिथेच उभी होती. तिच्यादेखत सांगितलं, म्हणजे तिलाही कळेल.

११ डिसेंबर

दुर्लक्षाचा गुण येतोय. या आठवड्यात तालमीत एकदाही नाही. पायरीवर पडते, पण डोळे टक्क उघडे. मी म्हटलं, मांजर झोपलेली आहे. तर एक डोळा मिटला. दुसरा उघडाच.

एक नवीन खोड लागली आहे. डावा हात मांडीखाली दाबून बसते. जेवतानाही. आणि मधूनच पाणी प्यायला जाते म्हणून उठून निघून जाते आणि पाच मिनिटांनी येते. म्हटलं, असू दे. तालीम तर बिघडवत नाही.

१९ डिसेंबर

भिंगरीने बापाकडून पलंगाला कठडा करून घेतला. लहान बाळांना असतो तसा. चादर ओली होते हल्ली, ते ती स्वतःच गुंडाळून बादलीत टाकते. मी काही बोलले नाही. दुर्लक्ष ते दुर्लक्ष.

आज झोपताना म्हणाली, "आई, माझा हात पलंगाला बांधशील?"

"कशाला?"

"तो उठतो."

मी म्हटलं, तू उठवू नकोस, मग नाही उठणार. ती कुशीवर वळली. पोरीचं डोकं कुठे कुठे चालतं.

२८ डिसेंबर

सुताराने मागच्या पडद्याआड मचाण बांधलं आहे. त्यावरून शेवटच्या प्रवेशात चंद्र खाली सोडायचा. चंद्र सुरेख झालाय, फक्त डावीकडून जरा चेपलेला. राजेसाहेब म्हणाले, आमच्याही चेहऱ्याचं तेच आहे, चालवून घ्या. प्रयोग दोन आठवड्यांवर आलाय आणि मला पहिल्यांदाच वाटतंय, जमलं.

५ जानेवारी

लिहायचं कसं ते कळत नाही. पण लिहिलं नाही तर उद्यापर्यंत मी ते सोयीचं करून टाकीन.

आज रंगीत तालीम होती. दुसरा अंक. मांजर नेहमीप्रमाणे मध्येच उठून आत गेली. राजेसाहेबांचं भाषण सुरू झालं. आतून तेच ओरडणं आलं. मग काहीतरी पडल्याचा आवाज. सुतार बाजूच्या शिडीवर दिवा बांधत होता, तो उतरायला लागला. मी म्हटलं, "जाऊ नकोस. ठरलंय ना आपलं? चालू ठेवा."

तो शिडीवरच थांबला. राजेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाषण पुढे सुरू केलं. छान म्हणत होते. प्रवेश संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मग सुतार आत गेला आणि त्याने मला हाक मारली. त्या आवाजात त्याने मला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती.

ती मचाणाखाली पडली होती. कपाळ फुटलेलं, पुढचा दात तुटलेला, अंगावरचा मांजरीचा पांढरा झगा सगळा लाल. शुद्धीवर होती. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "प्रवेश संपला?"

६ जानेवारी

कपाळाला टाके पडले. हाडं शाबूत आहेत. आज दिवसभर दवाखान्यात ठेवून घेतलंय. सुतार तिच्या उशाशी बसला आहे. माझ्याशी बोलतो, पण तेवढ्यापुरतं. पाणी दे. कागद कुठे ठेवलेस. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी भिंगरीला विचारलं, मचाणावर कशाला गेलीस बाळा?

"तिथे कुणी येत नाही ना. ते येणार असं वाटलं की मी तिथे जाते. म्हणजे तुझी तालीम बिघडत नाही."

"ते म्हणजे काय?"

"ते." तिने डाव्या हाताकडे पाहिलं. "पोटात कसंतरी होतं, मग मान वळते. मग मी नसते करत, तोच करतो."

पाणी प्यायला जायची ती. आणि मी त्याला गुण आला म्हणत होते.

७ जानेवारी

घरी येऊन मोबाईल काढला. ती किती वेळ तशी पडून होती हे मला जाणून घ्यायचं होतं. पाच तारखेच्या व्हिडिओत पडदा दिसतो, ती दिसत नाही. राजेसाहेबांचं भाषण आहे, आणि माझा आवाज. चालू ठेवा. अगदी स्पष्ट आलाय, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. तो आवाज कमावायला मी वर्षं घातली.

मग मागे मागे जात राहिले. सोळा तारीख, चौदा तारीख, नऊ तारीख. ज्यावर सगळे हसलो होतो तो पहिला दिवस. एक पाहिलं, दुसरं पाहिलं, मग पहिलं पुन्हा पाहिलं. मान आधी. मग हात, तेवढाच वर, मनगट तसंच आत मुडपलेलं. मग ओठ डावीकडे. मग पाय. ओरडणं त्याच सुरात, हसू शेवटी. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. केसाचा फरक नाही.

मी नटांमध्ये आयुष्य काढलं आहे. राजेसाहेबांना एक उसासा दोन दिवस सारखा टाकता येत नाही. मोठमोठ्यांना येत नाही. काल चांगलं झालेलं आज तसंच व्हावं म्हणून मी किती जणांच्या हातापाया पडले असेन. आणि आठ वर्षांची पोर तेच चार वेळा हुबेहूब करते, तेव्हा मी तिला सांगते हात जरा ताठ आहे.

हे कुणी करत नव्हतं. करणारं कुणी असतं तर एकदा तरी चुकलं असतं.

सुताराला उठवून दाखवलं. त्याने सगळे पाहिले. म्हणाला, "पहाटे पण अगदी हेच." आणि तोंड फिरवून बसला.

१० जानेवारी

मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वयस्कर आहेत, कमी बोलतात. पहिला व्हिडिओ त्यांनी तसाच पाहिला, दुसरा आवाज बंद करून, मग दोन्ही पुन्हा. मला विचारलं, "हे नाटक नाही असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

मी म्हटलं, "फार चांगलं झालंय म्हणून."

त्यांनी मान डोलावली. कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, मेंदूचा हा इथला, पुढचा भाग. इथून सुरू होणारी फिट अशीच असते. पुष्कळदा झोपेत, नाहीतर झोप लागताना, उठताना. थोडक्यात आटपते, पण एकामागून एक येतात. हातपाय झाडणं, ओरडणं, मान वळणं, कधी हसणं. काही मुलं शुद्धीवर असतात. संपली की लगेच बोलायला लागतात. म्हणून घरच्यांना वाटतं सोंग आहे, नाहीतर वाईट स्वप्न. साधा आलेख बरेचदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबून चालत नाही. "स्वप्नं रोज वेगळी असतात," त्या म्हणाल्या. "हे रोज तेच असतं. तेच बघायचं असतं."

आता रात्रभर कॅमेऱ्याखाली झोपवून आलेख काढायचा आहे, मेंदूचा फोटोही काढायचा आहे. गोळ्या आजपासूनच. फिट आली तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोचणारं काढायचं, हात धरून दाबायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही. संपेपर्यंत जवळ बसायचं. आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखान्यात.

"त्या वेळी तिला ऐकू येतं का?" मी विचारलं.

"तिलाच विचारा."

भिंगरी खुर्चीवर बसली होती, हात मांडीखाली. म्हणाली, "सगळं येतं. बोलता नाही येत." मग थोड्या वेळाने, "त्या दिवशी बाबा येत होता ना, तेव्हा तू जाऊ नकोस म्हणालीस, ते पण ऐकू आलं."

डॉक्टरबाई कागदावर लिहीत राहिल्या.  मी फक्त म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना." तिने समजूत काढली माझी. तिने काढायची नव्हती.

२९ जानेवारी

रात्रीच्या आलेखात निदान पक्कं झालं. प्रयोग पुढे ढकलला आहे. गोळ्यांनी तिला सुस्ती येते, चिडचिड होते, पण पहाटेचं कमी झालंय. मी आता तिच्याशेजारी झोपते. आलं की कुशीवर वळवते आणि तिच्या कानाशी बोलत राहते. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून नाटकातलं सगळं म्हणते, वैद्य, गवई, म्हातारी. काल संपल्यावर म्हणाली, "गवयाचं चुकलं तुझं."

मांजरीचं काम ती करणार नाही म्हणते. "मला झोपलेलं काम नको." सुताराने रबराची मांजर करून पायरीवर ठेवली आहे. तो आता माझ्याशी बोलतो. पण मी तालमीत "चालू ठेवा" म्हटलं की तो हातातलं काम खाली ठेवतो. मी ते म्हणणं सोडून दिलंय.

२१ फेब्रुवारी

पहिला प्रयोग झाला. हॉल भरला होता. राजेसाहेब दोनदा अडखळले, चंद्र अर्ध्यात अडकला, आणि मुलांना वाटलं तो तसाच असतो. चांगला झाला म्हणायचा.

भिंगरी पहिल्या रांगेत बापाशेजारी होती, नवा दात लावून. शेवटी राजेसाहेबांनी मुलांना विचारलं, कुणाला झोप येत नाही, हात वर करा. सगळे हात वर गेले. मी विंगेत उभी होते. भिंगरीने डावा हात वर केला. ताठ, सरळ. इतक्या दिवसांत मी तो मांडीखालून निघालेला पाहिला नव्हता. माझं पाऊल पुढे पडलंच होतं. तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न काढता ओठांनी सांगितलं, मुद्दाम.

प्रयोगानंतर आत आली. "आई, पाहिलंस ना? तो मीच वर केला होता."

"कळलं मला."

"तुला वाटलं असतं आलं. म्हणून सांगितलं." मुकुटाच्या पेटीवर बसून ती बुटाची नाडी बांधायला लागली. खाली बघतच विचारलं, "खरंच आलं असतं, तर थांबवलं असतंस नाटक?"

"थांबवलं असतं."

ती हं म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली. माझं तिला खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही.